रानात यायचं तर गावाच्या हाताखाली

आठवड्याला ठरावीक रक्कम भरायची, वर्षावनातल्या संशोधन केंद्रावर राहायचं, कॅमेरे लावायचे, माकडांच्या टोळीमागे फिरायचं, कासवांची घरटी मोजायची. पेरू, कोस्टारिका, बोर्निओ, मादागास्कर इथले कित्येक प्रकल्प अशा हौशी स्वयंसेवकांच्या श्रमांवर आणि पैशांवर चालतात. अमेरिकेतल्या ‘अर्थवॉच’ या संस्थेने १९७१ पासून ही वाट मळवली. आता मुंबई-पुण्याची तरुण मुलं विचारू लागली आहेत की आंबोली आपली, तिलारी आपली, मग या कामासाठी इतक्या लांब का जायचं? कोकणातच अशी सोय का होऊ नये?

व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पण ती कोणत्या अटीवर व्हावी हे आत्ताच बोलायला हवं. एकदा होमस्टे, जीप आणि पॅकेज ठरलं की अट घालायला कोणी उरत नाही. माझं मागणं असं आहे की बाहेरून येणाऱ्याने गावातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करावं, त्या माणसाला त्याच्या कामाचा पगार मिळावा आणि जमलेल्या नोंदी गावात राहाव्यात. गावाचा मान राखावा एवढ्यासाठी हे मागत नाही. याशिवाय कोकणातल्या रानाचं संशोधन उभंच राहणार नाही, म्हणून मागतो आहे.

वर्षावनातलं काम म्हणजे मुख्यतः तेच ते पुन्हा पुन्हा करणं. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर ५० हेक्टरांचा एक तुकडा आखलेला आहे. त्यातलं एक सेंटिमीटर जाडीचं रोपटंसुद्धा मोजलेलं आहे, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून साधारण दर पाच वर्षांनी ती मोजणी पुन्हा होते. उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात कोणती झाडं टिकतात, कोणती मरतात, कोरड्या वर्षाचा फटका कुणाला बसतो, याबद्दल आज जे ठामपणे सांगता येतं त्यातलं बरंच काही अशा फेरमोजण्यांतून हाती आलं आहे. पहिली मोजणी नुसती यादी होती. तिला अर्थ आला तो दुसरी, तिसरी, चौथी मोजणी झाल्यावर.

कोकणापुरतं धनेशाचं, म्हणजे त्या मोठ्या चोचीच्या पक्ष्याचं बघा. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. नराची चोच आत जाईल एवढीच फट ठेवते. तिथून पुढे काही महिने नर तिला आणि मग पिल्लांना फळं भरवत राहतो. वड, उंबर, काजरा, जे पिकलं असेल ते. एवढी मोठी ढोली कोवळ्या झाडाला नसते. त्यासाठी म्हातारा आंबा लागतो, सातवीण लागते, बेहडा लागतो, ज्याला आमच्याकडे घोटिंग म्हणतात. आता संशोधनाला काय हवं असतं? या ढोलीत यंदा जोडी बसली का, कधी बसली, नराने काय काय आणलं, पावसाच्या तोंडावर पिल्लू उडालं का, आणि पुढच्या वर्षी जोडी परत आली का. गावातला एखादा आजा सहज बोलून जातो, “त्या ढोलीत औंदा गरुड बसूक नाय.” धनेशालाच तो गरुड म्हणतो. त्याच्या त्या एका वाक्यात मागच्या कित्येक वर्षांची तुलना असते. फक्त ती कुठे लिहिलेली नसते.

आठ दिवसांची रजा काढून आलेल्या मुलीला नर दोनदा फळं घेऊन आलेला दिसेल. तिला आनंद होईल, आणि तो व्हायलाच हवा. पण तिच्या वहीतल्या पानाला मोल येतं ते आधीची आणि नंतरची पानं भरलेली असतील तर. ती पानं भरणारा माणूस तिथे राहणाराच असावा लागतो.

आंबोलीच्या पट्टेरी पिवळ्या भेकाची, म्हणजे एका बेडकाची, गोष्ट आणखी बोलकी आहे. झँथोफ्रीन टायग्रीना हे त्याचं शास्त्रीय नाव. २००९ मध्ये ही नवी जात म्हणून नोंदली गेली आणि तिचा वावर आंबोली-चौकुळच्या टापूपुरताच आहे. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या सपाट माथ्यावरच्या, उथळ डबक्यांत यांची वीण सुरू होते आणि थोड्याच दिवसांत आटोपते. त्या सरी कधी येतील ते ठरलेलं नसतं. महिनाभर आधी तिकीट काढून येणाऱ्याला तो मुहूर्त साधेल का? जो संध्याकाळी आभाळ बघून रात्री बॅटरी घेऊन सड्यावर जाऊ शकतो त्यालाच तो साधतो.

रानात सतत वावरणारा माणूस आणखी एका कारणासाठी लागतो, आणि ते कारण जिवावरचं आहे. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात आला. गोचिडांतून पसरणारा हा ताप नेमका काजूच्या हंगामात जोर धरतो, कारण त्या दिवसांत सगळं गाव पाचोळ्यात वाकून काजू वेचत असतं. रोग जवळ आल्याची पहिली खूण म्हणजे रानात मेलेलं माकड, आणि ते पहिल्यांदा दिसतं ते काजूच्या बागेत जाणाऱ्या बाईला. तिने आरोग्य केंद्राला कळवलं तर पुढची यंत्रणा हलते. वन्यजीवांच्या संशोधनातली इतकी महत्त्वाची नोंद करणाऱ्या त्या बाईला आपण संशोधनातलं कोणी समजत नाही. बाहेरून येणाऱ्या स्वयंसेवकाने जानेवारी ते मे या काळात कोणत्या बाजूच्या रानात पाऊल टाकू नये, हेही तीच सांगू शकते. शहरातून पाठवलेल्या सूचनापत्रकात ते नसतं.

हे सगळं कोकणाला नवं नाही. किनाऱ्यावर आपण ते करून दाखवलेलं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला सागरी कासवांचं काम सुरू केलं, २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे आले, गावातल्या घरांत राहिले, पैसा गावात राहिला. पण महोत्सवामागचं खरं काम करतात ते कासव मित्र. पहाटे, लोक जागे व्हायच्या आत, वाळूतले माग बघत ते किनारा चालून येतात, घरटं सापडलं की अंडी सुरक्षित जागी हलवतात, तारीख आणि संख्या लिहून ठेवतात. हा पाया होता म्हणून जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या ऑलिव्ह रिडले मादीला उपग्रह टॅग लावता आला. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर धातूचा टॅग लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरचं कासव पश्चिम किनाऱ्यावर विणीला येऊ शकतं, हे कळलं ते त्या किनाऱ्यावर रोज कोणीतरी फिरत होतं म्हणून. वाळूत हे जमलं. रानात का जमत नाही?

एक मोठं कारण मालकीचं आहे. समुद्रकिनारा सरकारी असतो. कोकणातलं रान बहुतांशी खासगी आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी मालकीचं जंगल अगदीच थोडं. अभयारण्यात संशोधनाला वन खात्याची परवानगी लागते, तिथे रक्षक असतो, व्यवस्थापन आराखडा असतो, दर चार वर्षांनी वाघांची देशव्यापी गणना होते. खासगी रानाला यातलं फार थोडं पोचतं. ते सातबाऱ्यावर असतं. एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही हयात नाहीत, काहींचे वारस लागलेले नाहीत. वाटप झालेलं नाही एवढ्यामुळेच कित्येक डोंगरउतारांवरचं रान आजवर उभं आहे, हे कोकणात ज्याचं घर आहे त्याला वेगळं सांगायला नको.

आणि ते जातं कसं, तेही आपल्याला माहीत आहे. ठेकेदार येतो. मुंबईत कोण कुठे राहतं ते त्याला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. डोंबिवली, विरार, परळ करत तो सह्या गोळा करतो. प्रत्येकाच्या हातात थोडी रक्कम पडते आणि ऐन, किंजळ, बेहडा जळाऊ लाकूड होऊन ट्रकमधून घाट चढतात. कुठे मागाहून रबर लागतं, कुठे अननस, कुठे नुसता कातळ उघडा पडतो. सही करणारा चाकरमानी काही दुष्ट नसतो. त्या डोंगरावर काय आहे हे त्याला कधी कोणी सांगितलेलंच नसतं. गणपतीला तो येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात मुलांना घेऊन येतो. पण वरच्या रानात शेवटचा गेला तो बहुधा आजोबांबरोबर.

म्हणून कोकणातल्या वन्यजीव संशोधनाचा पहिला स्वयंसेवक हा चाकरमानी असावा असं मी म्हणतो. कोस्टारिकात पैसे भरून जाणाऱ्याला त्या जंगलाच्या भवितव्याबद्दल मत देण्याचा अधिकार नसतो. चाकरमान्याला आहे, त्याची सही आहे. मे महिन्यात त्याने आणि त्याच्या मुलांनी गावातल्या जाणत्याबरोबर चार सकाळी त्या सामाईक रानात काढल्या, ढोल्या असलेली झाडं नकाशावर घेतली, पाणवठ्यावर लावलेल्या कॅमेऱ्यातली छायाचित्रं पाहिली, त्यात भेकर, साळिंदर, खवले मांजर, कदाचित कोळसुंद्यांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा, कळप दिसला, तर पुढच्या वेळी ठेकेदार दारात आल्यावर त्या घरातलं बोलणं वेगळं होईल. सगळ्यांचं होईल असा माझा दावा नाही. पैशाची नड असते, आजारपण असतं, आणि नडलेल्या माणसाकडून रानासाठी त्याग मागणं मला पटत नाही. पण आज तो काहीच न पाहता सही करतो आहे. ते तरी थांबेल.

उलट बाजूने एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. गावच्या माणसाला रान माहीत असतं हे खरं, पण शास्त्रीय नोंद करणं वेगळं. मोजमापाची शिस्त लागते, एकाच पद्धतीने वर्षानुवर्षं करावं लागतं, न दिसल्याची नोंदही दिसल्याइतक्याच काटेकोरपणे करावी लागते. मान्य. पण ही शिस्त शिकवता येते. कोस्टारिकात डॅनियल जॅन्झेन या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९८९ पासून खेड्यातल्या माणसांना काही महिन्यांचं शिक्षण देऊन पगारी नोकरीवर घेतलं गेलं. शेती-मजुरी करणारी ही माणसं किडे, सुरवंट, वनस्पती गोळा करून नोंदवू लागली, आणि तिथल्या जंगलातल्या कीटकांबद्दल जे प्रचंड ज्ञान जमलं ते त्यांच्या हातून जमलं. आपल्याकडे अरुणाचलात पाक्के व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेरच्या रानात धनेशाच्या घरट्यांची राखण न्यिशी समाजातली माणसं करतात. २०११-१२ च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेत शहरातले लोक एकेक घरटं दत्तक घेतात आणि त्यांच्या पैशातून राखणदाराला पगार मिळतो. शहरातल्या माणसाने पैसा द्यायचा आणि रानातल्या माणसाने काम करायचं, ही वाटणी तिथे कोणालाच कमीपणाची वाटत नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळं तिथेच बिघडतं. स्वयंसेवक फुकट काम करतो, म्हणून प्रकल्पाला तो परवडतो. तो फुकट करतो म्हटल्यावर गावच्या माणसानेही सेवाभावाने करावं, अशी अपेक्षा हळूहळू धरली जाते. ‘त्यांचंच तर जंगल आहे’ असं म्हटलं जातं. हे म्हणणाऱ्याने काजूच्या हंगामात एका दिवसाची मजुरी बुडवून बघावी. ज्याचं पोट दुसरीकडे भरलेलं आहे त्यालाच विनामोबदला काम परवडतं. सावंतवाडी, कणकवली, देवरूख, चिपळूणच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र शिकणारी मुलं आहेत, दापोलीला कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. यातल्या कितीतरी मुलांनी लहानपणापासून गवा, शेकरू, कांडेचोर अंगणातून पाहिलेत. पण दोन महिने बिनपगारी ‘अनुभव’ घ्यायचा म्हटलं की घरून होकार मिळत नाही, आणि तो अनुभव अर्जात नसला की पुढच्या प्रवेशात मागे पडतात. मग कोकणच्या जंगलावरचे शोधनिबंध कोकणाबाहेरच्या मुलांच्या नावे होतात. त्या मुलांनीही कष्ट केलेले असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार या रचनेबद्दल आहे.

म्हणून बाहेरच्या स्वयंसेवकाकडून शुल्क जरूर घ्यावं, आणि त्यातला मोठा हिस्सा थेट दोन जागी जावा: गावातल्या नोंदकर्त्याचा बारमाही पगार आणि स्थानिक विद्यार्थ्यांचं विद्यावेतन. हिशेब ग्रामसभेत वाचला जावा. निबंध छापला गेला तर नोंदकर्त्याचं नाव लेखकांत यावं, आभाराच्या शेवटच्या ओळीत नव्हे. ज्या प्रकल्पाला हे मान्य नाही त्याला गावाने आपल्या रानात येऊ देऊ नये.

नोंदी गावात राहाव्यात हे मागणं काहींना अडेलतट्टूपणाचं वाटेल. पण आज काय होतं? संशोधक येतो, वर्ष-दोन वर्षं राहतो, गाव त्याला जेवू घालतं, वाट दाखवतं. मग तो जातो, आणि त्याला काय सापडलं ते गावाला इंग्रजी मासिकातून कळायचं असतं, म्हणजे कळत नाही. वास्तविक जागा तयार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही सांगितलेली आहे. हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर या नोंदवह्या राज्यात झपाट्याने तयार झाल्या. घाईत जे होतं तेच बऱ्याच ठिकाणी झालं. झाडांची यादी, पक्ष्यांची यादी, आणि वही कपाटात. त्याच वहीत दरवर्षी पानं वाढत गेली, कोणत्या ढोलीत कोण बसलं, कोणत्या ओढ्यात पाणी कधी आटलं, हे मराठीत लिहिलं गेलं, तर ती वही जिवंत होईल.

अशा नोंदीला दरबारात किंमत असते, हे सिंधुदुर्गाने पाहिलेलं आहे. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्याचा वाद वर्षानुवर्षं मुंबई उच्च न्यायालयात चालला. २०१३ मध्ये दोडामार्गात वृक्षतोडीवर बंदी आली, २०२४ मध्ये हा पट्टा पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याबाबत न्यायालयाने निर्देश दिले. तिलारीच्या रानात कॅमेऱ्यांनी वाघ टिपले आणि २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र झालं. दोडामार्गातल्या हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाच्या दलदलीचा तुकडा गावाने देवराई म्हणून राखला होता. त्याची शास्त्रीय ओळख पटली आणि पुढे तो जैविक वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. राखली गावानेच, पण सरकारच्या कागदावर ती आली ती कोणीतरी झाडं ओळखून, मोजून, लिहून ठेवल्यावर. नुसत्या श्रद्धेला सरकारदरबारी पुरावा मानत नाहीत, आणि नुसत्या पुराव्याने गावात कोणी कुऱ्हाड खाली ठेवत नाही. दोन्ही एका जागी आली की रान टिकतं.

एका बाबतीत मात्र नोंदी उघड करताना हात आखडता घ्यावा. घरट्याची, दुर्मीळ बेडकाची, खवले मांजराच्या बिळाची नेमकी जागा सर्वांना दिसेल अशी ठेवू नये. धनेशाच्या ढोलीसमोर दिवसभर कॅमेरे रोखले गेले तर नर फळं घेऊन येताना बिचकतो, आणि आत बसलेली मादी त्याच्यावरच अवलंबून असते. खवले मांजराच्या खवल्यांचा व्यापार चालतो, हे तर जगजाहीर आहे. कोणती जागा कोणाला दाखवायची हे गावाच्या समितीने ठरवावं, पाहुण्याने तो निर्णय पाळावा, छायाचित्र टाकायचं झालं तर जागेचं नाव न घालता.

ज्याला कोकणात येणं जमत नाही, त्यालाही काम आहे, आणि ते कमी मोलाचं नाही. एका कॅमेऱ्यात महिन्याभरात असंख्य चित्रं साठतात, त्यातली बहुतेक वाऱ्याने हललेल्या गवताची. ती चाळायला डोळे लागतात. हाताने लिहिलेली पानं संगणकावर घ्यायला माणसं लागतात. नकाशे करणारा लागतो, सातबारा वाचणारा लागतो, सामाईक खातेदारांना कायदा समजावणारा वकील लागतो. केरळात २०१५ ते २०२० या काळात हजाराहून अधिक स्वयंसेवकांनी संपूर्ण राज्याचा पक्षी-नकाशा तयार केला. आपापल्या जिल्ह्यातल्या ठरवून दिलेल्या चौकोनांत पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत असं दोनदा जाऊन मोजायचं, हीच पद्धत. त्यात कोणाला वाघ दिसायचा नव्हता. तरी माणसं गेली.

सुरुवात मोठी करायची गरज नाही. दोडामार्ग, सावंतवाडी, संगमेश्वर या तालुक्यांतली राजी असलेली थोडी गावं, प्रत्येक गावात दोन पगारी नोंदकर्ते, जवळच्या महाविद्यालयातला एक शिक्षक, आणि मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाची पहिल्या वर्षाच्या पगाराची हमी. ही मंडळं देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी काढतात, तशी यालाही काढतील. नाव कोणाचं घ्यायचं, कोणत्या रानात काम करायचं, पाहुणे किती आणि कधी घ्यायचे, हे ग्रामसभेने ठरवायचं आहे. ग्रामसभा २६ जानेवारीला असतेच. त्या दिवशी ठराव झाला तर धनेशाची मादी ढोलीत बसायच्या सुमारास पहिली पानं लिहायला घेता येतील, आणि मे महिन्यात चाकरमानी येईल तेव्हा त्याला दाखवायला वही असेल.